घोडा कुंपणात अडकतो

माझ्या ताब्यात चार रॅक होते. प्रत्येक रॅकला सहा फळ्या, आणि तोंड बाहेर करून ठेवली तर एका फळीवर गेमची सात खोकी. म्हणजे कव्हर दिसेल अशा जागा एकूण १६८. खोकी पुस्तकांसारखी कडेवर उभी केली तर एका तोंडाच्या जागेत नऊ बसतात, पण मग दिसते ती फक्त बोटभर पट्टी. पट्टी वाचून गेम उचलणारा माणूस काय घ्यायचं ते घरूनच ठरवून आलेला असतो. ज्याचं ठरलेलं नसतं तो कव्हर बघतो, आणि न ठरवता येणारेच जास्त असतात. दुकानाच्या गेम विभागाची खरेदी मी नऊ वर्षं बघितली आणि त्या नऊ वर्षांत या १६८ जागांवरून जेवढे वाद घातले तेवढे दुसऱ्या कशावरून घातले नसतील. दुकानाने वाईट गेमला जागा नाकारावी का, किती नाकारावी, आणि वाईट कुठला हे कोणी ठरवावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. ते कसं झालं ते आज लिहिते.

सुरुवात एका घोड्याच्या गेमपासून झाली. कव्हर फार सुंदर होतं. पांढरा घोडा, मागे पिवळं रान, घोड्यावर साधारण दहा वर्षांची मुलगी, केस वाऱ्यावर. वितरकाच्या माणसाने त्याची दहा खोकी घेतली तर दोन फुकट अशी स्कीम आणली होती. मी बारा मांडली, त्यातली दोन डोळ्यांच्या उंचीच्या फळीवर, कारण घोड्यांचे गेम मुलींच्या वाढदिवसाला हमखास जातात हे मला अनुभवाने ठाऊक होतं. खेळून बघितला नव्हता. तेव्हा मी कुठलाच गेम खेळून बघत नव्हते. कव्हर, स्कीम, मार्जिन आणि मागच्या महिन्याची विक्री, एवढ्यावर माझी ऑर्डर निघायची.

एक आजी नातीला घेऊन आल्या. नातीने कव्हर बघितलं आणि हात तिथेच थबकला. आजींनी मला एकच प्रश्न विचारला, "हा चांगला आहे ना गं?" मी हो म्हटलं.

चार दिवसांनी दोघी परत आल्या. आजींच्या हातात खोकं, वरचा प्लास्टिकचा कागद नीट घडी करून आत ठेवलेला. तो बघून मला आधी कळलं की त्यांनी खोकं किती जपून उघडलं असेल. नात बोलत नव्हती. आजी म्हणाल्या, "घोडा कुंपणात अडकतो आणि मग काहीच होत नाही. हिला वाटतंय हिचंच काहीतरी चुकतंय. चार दिवस करून बघतेय बिचारी."

दुकानाचा नियम होता: सील उघडलेली डिस्क परत घ्यायची नाही. नकली प्रत काढून मूळ डिस्क परत करणारे लोक असतात, म्हणून तो नियम. मी डिस्क बदलून दिली. दुसरीतही तेच होणार हे मला तेव्हा माहीत नव्हतं. दोन दिवसांनी आजी एकट्याच आल्या, खोकं काउंटरवर ठेवलं, म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच," आणि निघून गेल्या. मी मागे धावले नाही. ते खोकं मी घरी नेलं आणि त्या रात्री खेळायला बसले.

दुसऱ्या टप्प्यात एक लाकडी कुंपण ओलांडायचं असतं. बटण दाबलं की घोडा उडी घेतो, पुढचे दोन पाय कुंपणापलीकडे जातात, मागचे अलीकडेच राहतात. पाय हलत राहतात, टापांचा आवाज येत राहतो, घोडा जागचा हलत नाही. मी सतरा वेळा करून बघितलं. एकदा, कडेने तिरकं येऊन उडी मारली तेव्हा, तो निघाला. पुढच्या टप्प्यात तसंच कुंपण. हा गेम ज्यांनी बनवला त्यांनी तो एकदाही शेवटपर्यंत खेळला नव्हता, हे अर्ध्या तासात कळत होतं. आणि ज्यांनी तो मांडला, म्हणजे मी, त्यांनी तर सुरूसुद्धा केला नव्हता. दहा वर्षांची मुलगी मात्र आपलंच चुकतंय असं समजून चार दिवस ते बटण दाबत होती. पैसे गेले ते गेलेच, पण माझ्या मनाला लागलं ते हे.

त्यानंतर मी या धंद्याचा इतिहास वाचायला लागले, आणि कळलं की माझ्या फळीवर जे झालं ते खूप मोठ्या प्रमाणावर आधी होऊन गेलेलं आहे.

१९८२ साली अमेरिकेत अटारी कंपनीचं अटारी २६०० हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र घराघरांत होतं. गेम यायचे कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या डबीत. त्यात कोणती कार्ट्रिज चालावी आणि कोणती नाही, याला यंत्रात काही अडसर नव्हता. अटारीतून बाहेर पडलेल्या प्रोग्रामरांनी १९७९ मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन काढली. अटारीने त्यांच्यावर खटला भरला, तो १९८२ मध्ये तडजोडीने मिटला आणि बाहेरच्या कंपन्यांनी गेम बनवायला वाट मोकळी झाली. अ‍ॅक्टिव्हिजनचे लोक कसबी होते, त्यांचे गेम आजही खेळावेसे वाटतात. पण त्याच वाटेने ज्यांचा गेमशी काडीचा संबंध नाही असेही आत आले. क्वेकर ओट्स या ओट्स विकणाऱ्या कंपनीनेसुद्धा गेम बनवणारी एक कंपनी विकत घेतली होती. दुकानदार सगळ्यांचाच माल घेत होते, कारण सगळंच विकलं जात होतं.

खुद्द अटारीने त्या वर्षी पॅक-मॅन या भुतांना चुकवत पळण्याच्या गेमचं कार्ट्रिज काढलं. ते लाखांनी खपलं, पण त्यातली भुतं सतत लुकलुकायची, कारण यंत्राची ताकद अपुरी होती आणि चारही भुतं एकाच वेळी पडद्यावर न काढता आळीपाळीने काढली जात होती. मग ई.टी. चित्रपटावरचा गेम आला. प्रोग्रामर हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ याला तो बनवायला जेमतेम पाच आठवडे मिळाले, कारण वर्षअखेरच्या खरेदीच्या हंगामाआधी तो दुकानात पोचायला हवा होता. वॉर्शॉ हलका माणूस नव्हता, त्याने आधी चांगले गेम केलेले होते. पाच आठवड्यांत जे होतं ते झालं. नायक खड्ड्यात पडतो, बाहेर येतो, पुन्हा पडतो. घोड्याच्या कुंपणाची आठवण मला इथे झाली.

पुढचा भाग दुकानदार म्हणून मी दोनदा वाचला. न खपलेला माल परत करायला दुकानदार गेले तेव्हा कित्येक छोट्या कंपन्यांकडे परतफेडीला पैसे नव्हते, काही तर बंदच पडल्या होत्या. मग दुकानदारांनी ३५ डॉलरच्या आसपासची कार्ट्रिज ५ डॉलरला टोपल्यांत ओतली. आणि तिथे खरं नुकसान झालं. टोपलीत पाच डॉलरला गेम मिळतोय म्हटल्यावर फळीवरचा पूर्ण किमतीचा नवा गेम कोण उचलणार? तो चांगला असला तरी घरी आईबापांना काय कळणार? त्यांनी टोपलीतला घेतला, तो फसला, आणि घरात मत झालं की गेम म्हणजे असंच असतं. वाईट माल स्वतःपुरता वाईट राहत नाही, शेजारच्या चांगल्याला घेऊन बुडतो. अमेरिकेतली घरगुती गेमची उलाढाल १९८३ मधल्या सुमारे ३२० कोटी डॉलरवरून १९८५ पर्यंत १० कोटींच्या आसपास आली, असा आकडा नेहमी दिला जातो. दुकानदारांनी ठरवलं की ही लाट ओसरली, आणि रॅकच काढून टाकले.

सप्टेंबर १९८३ मध्ये अटारीने न खपलेला माल न्यू मेक्सिकोतल्या अ‍ॅलामोगोर्डोच्या कचरा डेपोत पुरला. एप्रिल २०१४ मध्ये तिथे खोदकाम झालं आणि सुमारे १,३०० कार्ट्रिज वर काढली. सगळे म्हणतात तिथे ई.टी. पुरलेला होता. होताच. पण निघालेल्यांत बहुसंख्य कार्ट्रिज दुसऱ्या गेमची होती, आणि त्यांत सेंटिपीडसारखे चांगले गेमही होते. मातीत चिरडलेल्या त्या खोक्यांचे फोटो मी बराच वेळ बघत बसले होते. चांगल्याला आणि वाईटाला एकच खड्डा मिळाला होता.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने १९८५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आपलं गेमचं यंत्र आणलं तेव्हा दुकानदार व्हिडिओ गेम हा शब्द ऐकायला तयार नव्हते. म्हणून यंत्राला 'एंटरटेनमेंट सिस्टीम' म्हटलं, व्हीसीआरसारखं पुढून कार्ट्रिज आत ढकलायचं तोंड ठेवलं, सोबत एक खेळण्यातला रोबो दिला. दुकानदारांना सांगितलं, माल ठेवा, पैसे ९० दिवसांनी द्या, न खपलेला आम्ही परत नेऊ. माझ्याकडे कोणी वितरक असं बोलत आला असता तर मीही त्याचं ऐकलं असतं. जो आपला माल परत न्यायला तयार आहे, त्याने तो निदान एकदा तरी खेळून बघितलेला असतो.

दुसरी गोष्ट त्यांनी यंत्राच्या आत केली. कार्ट्रिजमध्ये आणि यंत्रात जोडीची चिप बसवली. परवान्याशिवाय बनवलेलं कार्ट्रिज घातलं की यंत्र पुढे जायचंच नाही. आणि बाहेरच्या कंपनीला वर्षाला पाचच गेम काढता येतील अशी अट घातली. पाच म्हटल्यावर माणूस विचार करतो कुठले पाच. या व्यवस्थेतही उणिवा होत्याच. कोनामी या गेम कंपनीने अल्ट्रा नावाची वेगळी कंपनी काढून पाचाची मर्यादा वाढवून घेतली. खोक्यावरचा दर्जाचा सोनेरी शिक्का असलेले कंटाळवाणे गेमही ढिगाने निघाले. कोणी गेम बनवायचा हे एकाच कंपनीच्या मर्जीवर गेलं, ते मला आजही पटत नाही. पण शिक्का असलेलं कार्ट्रिज यंत्रात घातलं तर निदान चालेल, एवढा भरवसा परत आला, आणि त्या भरवशावर दुकानात रॅक परत आले.

हे सगळं वाचून मी वरिष्ठांकडे गेले आणि म्हटलं, आपल्या १६८ जागांपैकी न खेळलेल्या गेमला मी वीसपेक्षा जास्त देणार नाही. बाकीच्या जागांवर जे तोंड बाहेर करून उभं राहील ते आमच्यापैकी कोणीतरी किमान एक तास खेळलेलं असेल. त्यांना वाटलं विक्री पडेल. सहा महिने बघू म्हणाले.

आम्ही चौघं होतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी, दुकान बंद झाल्यावर, मागच्या खोलीत खेळायचो. सुरू होतो का, अडकतो का, मध्येच बंद पडतो का, सेव्ह केलेला खेळ दुसऱ्या वेळी सापडतो का, आणि कव्हरवर जे चित्र आहे ते आत कुठेतरी आहे का. आवडला की नाही हा प्रश्न मुद्दाम ठेवला नाही. माझ्या आवडीने फळी भरायला लागले असते तर चारही रॅक कोड्यांच्या गेमनी भरले असते. आम्हाला एवढंच बघायचं होतं की खोक्याने जे वचन दिलंय ते आत पाळलंय का.

पहिल्या महिन्यात किती खोकी मागे ठेवावी लागली ते बघून आम्हीच गप्प झालो. एका कार्टूनवरच्या गेममध्ये कव्हरवरचं मुख्य पात्र खेळायलाच मिळत नव्हतं. एकात गाड्यांची शर्यत होती, पण समोरच्या गाड्या आपल्या गाडीतून आरपार जायच्या. एका डिस्कवर पन्नास खेळ आहेत असं लिहिलेलं, त्यांतले बरेचसे रंग बदललेला तोच तो खेळ. या प्रकाराला इंग्रजीत शॉव्हलवेअर म्हणतात, फावड्याने भरलेला माल. सीडी आल्या तेव्हा त्यांच्यावर इतकी जागा होती की भरायला काहीतरी हवं म्हणून हाताला लागेल ते भरलं जायचं, तिथून तो शब्द आला.

वितरकाचा माणूस नाराज झाला. "ताई, स्वस्तातला माल नको म्हणालात तर स्वस्तातलं गिऱ्हाईक कुठे जाईल?" प्रश्न खोटा नव्हता. ज्यांच्याकडे एकाच गेमपुरते पैसे असतात त्यांना फसवलेला गेम सगळ्यात महाग पडतो, असं मी त्याला सांगितलं. मोठ्या कंपनीचा मोडका गेम घेणारा पुढच्या महिन्यात दुसरा घेईल. त्या आजी घेणार नव्हत्या. म्हणून स्वस्त गेमच्या जागा मी कमी केल्या नाहीत, त्या जागांवर काय बसेल ते बदललं. जुने, गाजलेले, किंमत उतरलेले गेम तिथे आणले. विक्री पहिले दोन महिने थोडी उतरली, मग सावरली. परत येऊन भांडणारे मात्र जवळपास बंद झाले.

माझ्या हातून एक चूकही झाली, ती लिहायलाच हवी. एक छोटा गेम आला होता, चित्रं अगदी साधी, चौकोनी, जुन्या काळातल्यासारखी. खोकं पातळ कागदाचं. दमलेल्या संध्याकाळी मी तो दहा मिनिटं खेळले आणि फावड्याच्या ढिगात टाकला. वर्षभराने आमच्यातल्याच एका मुलाने तो घरी पूर्ण खेळला आणि म्हणाला, "ताई, हा तुम्ही नीट बघितलाच नाही." खरंच बघितला नव्हता. साधेपणाला मी निष्काळजीपणा समजले होते. घोड्याचा गेम दिसायला श्रीमंत होता आणि आतून मोडका. हा दिसायला गरीब होता, आतून घट्ट विणलेला. तोपर्यंत त्याच्या उरलेल्या प्रती वितरकाने परत मागवल्या होत्या. जागा नाकारण्याचा अधिकार हातात असेल तर त्याने कोणाचं काय बिघडतं, हे मला त्या गेमने शिकवलं. पुढे व्हॅम्पायर सर्व्हायव्हर्स आला. २०२१ च्या अखेरीस अगदी स्वस्तात निघालेला, विकत घेतलेल्या तयार चित्रांवर उभा केलेला. लांबून बघितलं तर मी तोही ढिगात टाकला असता. २०२३ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट गेमचा बाफ्टा हा ब्रिटिश पुरस्कार मिळाला.

आता लोक म्हणतात, दुकानं राहिलीत कुठे, सगळं डाउनलोड होतं, तिथे फळीला अंत नाही. मला हे पटत नाही. साठा अमर्याद झाला, फळी नाही झाली. फोन किंवा टीव्ही सुरू केल्यावर पहिल्या पडद्यावर जी दहा-बारा चित्रं दिसतात ती माझी डोळ्यांच्या उंचीची फळीच आहे. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात २०१२ पासून खेळाडूंच्या मतांवर गेम आत घेत होते. २०१७ मध्ये ते बंद करून गेममागे १०० डॉलर भरा आणि या, असं केलं. २०२४ या एका वर्षात तिथे १८ हजारांहून जास्त गेम आले, म्हणजे दिवसाला जवळजवळ पन्नास. माझे चारही रॅक चार दिवसांच्या आत भरले असते. २०१७ मध्येच सिलिकॉन इको नावाच्या एका कंपनीचे १७३ गेम स्टीमने एकदम काढून टाकले होते. विकत घेतलेले तयार तुकडे जोडून ढिगाने काढलेले. एकाच कंपनीचे १७३. वर्षाला पाचची अट आठवते.

मोठ्यांवरही कधीतरी कारवाई होते. सायबरपंक २०७७ डिसेंबर २०२० मध्ये आला तेव्हा जुन्या प्लेस्टेशनवर इतका अडखळत होता की सोनीने आठवड्याभरात तो आपल्या ऑनलाइन दुकानातून काढला आणि लोकांचे पैसे परत केले. सहा महिन्यांनी, काही दुरुस्त्या झाल्यावर, परत ठेवला. एवढा गाजावाजा झालेला गेम फळीवरून उतरवायला हिंमत लागते, मी त्या बातमीचं मनापासून स्वागत केलं. आणि स्टीमवर २०१५ पासून चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असेल तर गेम परत करता येतो. दोन तासांत घोडा दहा वेळा अडकला असता. आजींना तेवढी एक सोय मिळाली असती तर त्या चौथ्यांदाही माझ्या दुकानात आल्या असत्या.

मी त्या विभागातून निघाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला याद्या, वितरकांचे नंबर आणि फळ्यांची मापं दिली. शेवटी खणातून ते पांढऱ्या घोड्याचं खोकं काढलं. नव्या माणसाला पहिल्या दिवशी मी तोच गेम खेळायला द्यायचे. तिलाही दिला. मागच्या खोलीत ती वीस मिनिटं खेळली. टापांचा आवाज बाहेर येत होता, एकसारखा, न थांबता. मग तो बंद झाला. मी आत गेले तर तिने कंट्रोलर खाली ठेवलेला होता आणि खोकं उलटं करून मागच्या बाजूचा बारीक मजकूर वाचत होती.

"हा आपण ठेवला होता?" तिने विचारलं.

"मी ठेवला होता," मी म्हटलं. "दोन खोकी, डोळ्यांच्या उंचीला."